पायाजवळचे रडणे आणि जयघोष

(शास्त्रपाठ : एज्रा ३:१०-१३)



बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी यरुशलेमेत परमेश्वराच्या मंदिराचा पाया घातला, त्या दिवसाचे वर्णन आजच्या पाठात आहे. याजक कर्णे घेऊन उभे होते व आसाफाच्या वंशातील लेवी झांजा वाजवीत होते. ज्या वृद्धांनी पहिले मंदिर आपल्या डोळ्यांनी पाहिले होते ते मोठ्याने रडू लागले, आणि दुसरे पुष्कळ लोक हर्षाने गर्जना करू लागले. रडणे कोणते व जयघोष कोणता हे ऐकणाऱ्यास ओळखता येईना, असे शास्त्र सांगते.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतही आज असेच दोन आवाज ऐकू येतात. तरुण मंडळी शहरांतल्या सभांची गीते मोबाइलवर ऐकतात, आणि गिटार व कीबोर्ड घेऊन, टाळ्या वाजवून गाऊ इच्छितात. वडील मंडळीस पेटी, तबला व टाळ यांवरची भजनेच गोड वाटतात. एक पक्ष म्हणतो, उपासनेतील गांभीर्य गेले. दुसरा म्हणतो, उपासनेत जीव राहिला नाही. कोठे म्हातारी माणसे ओठ मिटून बसतात, तर कोठे तरुण उपदेश सुरू होईपर्यंत दाराबाहेर उभे राहतात. हा वाद केवळ चालींचा असता तर आम्ही त्याविषयी लिहिले नसते. पण याने एकाच कुटुंबाच्या दोन उपासना होऊ लागल्या आहेत.

यास्तव थोडे मागे वळून पाहू. इंग्लंडात आयझॅक वॉट्स यांनी १७०७ साली आपल्या गीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा पुष्कळ मंडळ्यांत दाविदाची स्तोत्रे तेवढीच पद्यात करून गाण्याचा रिवाज होता, आणि मनुष्याने रचलेले गीत देवाच्या घरात गावे हे कित्येकांस रुचले नाही. पुढे तीच गीते सर्वमान्य होऊन बसली. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले ते हाच गीतांचा वारसा घेऊन. आमच्या पूर्वजांनी प्रथम जी गीते म्हटली, त्यांत विलायती चालींवर बसविलेली भाषांतरे पुष्कळ होती. शब्द मराठी, पण वळण परके.

नंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाच्या देशी पद्धतीने शुभवर्तमान सांगितले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व ओवी यांत प्रभूची स्तुती गाइली. आज वडील मंडळी ज्यास जुनी रीत म्हणतात ती हीच, आणि तीही एके काळी नवीच होती. फार काय, ज्या पेटीवाचून आम्हांस भजन सुने वाटते ती हार्मोनियमदेखील १८४० च्या सुमारास फ्रान्स देशात निर्माण झाली!

तर मग जे जे नवे येईल ते ते घ्यावे काय? तसे नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल आत्म्याने तसेच बुद्धीनेही गाण्याविषयी लिहितो, आणि सर्व काही मंडळीच्या उन्नतीसाठी व्हावे असे सांगतो. हीच कसोटी जुन्यास लागू आहे व नव्यासही. ज्या गीतात वधस्तंभ नाही, पश्चात्ताप नाही, केवळ तालच आहे, ते नवे म्हणून चांगले ठरत नाही. ध्वनिवर्धकाच्या आवाजात शेजारच्या आजीचा स्वर बुडून जात असेल, तर ती मंडळीची उपासना नव्हे. पण ज्या अभंगाचा अर्थ कोणी मुलांस कधी सांगितलाच नाही, तो त्यांनी निमूटपणे म्हणावा हेही उन्नतीचे काम नव्हे. आणि गीत कोणतेही असो, गाणारा आपल्या भावाशी अन्यायाने वागत असेल, तर ते गीत म्हणजे देवाच्या कानी गलबला होय, असे आमोसाच्या पाचव्या अध्यायावरून दिसते.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी सुचवितो. नवे गीत म्हणण्यापूर्वी त्याचे शब्द सावकाश वाचून दाखवा व अर्थ सांगा. मग वडिलांस त्यात भाग घेता येईल. दर उपासनेत एक गीत वडिलांनी व एक तरुणांनी निवडावे, आणि दोन्ही गीते सर्वांनी म्हणावी. तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. आमच्या कित्येक मंडळ्यांत अशा वृद्ध भगिनी आहेत की ज्यांस अक्षरओळख नाही, पण शेकडो कडवी चालींसह त्यांच्या कंठात आहेत. त्यांतील कित्येक चाली कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्या भगिनी प्रभूजवळ गेल्या म्हणजे त्या चालीही मातीआड होतील. तरुणांनो, त्यांच्या पायांशी बसून त्या शिकून घ्या. त्यांना गिटारीची साथ दिलीत तरी आमची हरकत नाही. आणि वडीलहो, तुम्हीही नातवंडांचे एक तरी गीत शिका. न शिकता त्यास नावे ठेवू नका.

यरुशलेमेत त्या दिवशी रडणाऱ्यांस कोणी हाकलून दिले नाही, आणि जयघोष करणाऱ्यांसही कोणी गप्प केले नाही. दोघेही एकाच पायाजवळ उभे होते. आमचा पाया प्रभु येशू ख्रिस्त आहे. हाग्गय संदेष्ट्याने पुढे त्या वृद्धांस आश्वासन दिले की या नव्या घराचे वैभव पहिल्याहून अधिक होईल. ते अभिवचन मनात धरून येत्या रविवारी आपण एकमेकांची गीते गाऊ या. प्रभु आपणांस तशी कृपा देवो. आमेन.