बाविसाव्या दिवसाची अंडी

एकविसावा दिवस मावळला, की उबवण यंत्राच्या जाळीवर ओलसर पिल्लांच्या कलकलाटात काही अंडी तशीच उरतात. अखंड, गुळगुळीत, आणि बाहेरून पाहता उमललेल्यांहून तसूभरही वेगळी न भासणारी. अमरावती-अकोल्याकडचा कुक्कुटपालक बहुधा ती खड्ड्यात पुरतो आणि पुढच्या खेपेला लागतो. माझे मन मात्र त्यांच्यापाशी रेंगाळते. ती फोडून पाहावीत असे मला कळकळीने वाटते, कारण थांबलेल्या जिवाने आपण कुठवर आलो होतो याची खूण आत ठेवलेली असते.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने उबवणीतल्या अंड्यांचे वर्णन याच जिज्ञासेने केले, आणि तीन अहोरात्रींनंतर दिसणारे, रक्ताच्या ठिपक्याएवढे, उडणारे हृदय त्याने नोंदवून ठेवले. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरली, तर तेच नवल आजही कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्यांतून डोळ्यांना भिडते. एखादे अंडे मात्र स्वच्छ, रिते दिसते. त्यात बीजच रुजलेले नसते, म्हणून त्याचा शोक कसला? शोक त्या अंड्याचा, ज्यात जाळे विरून केवळ एक रक्तवर्तुळ उरले आहे.

इथे वऱ्हाडचा वैशाख आठवतो. कोंबडी दिवसाला फार तर एक अंडे देते. खुडूक कोंबडीखाली मांडण्याजोगी डझनभर अंडी साठेपर्यंत पहिली अंडी घरातच ताटकळतात. गारव्यात गर्भ निजून राहतो आणि 37.5 अंशांच्या आसपास नीट वाढतो. पण अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा कोनाड्यातल्या टोपलीतही त्याला अवेळी जाग येते, रात्री ऊब ओसरते, पुन्हा जाग येते, आणि या अर्धवट जागरणांत त्याचे बळ सरते. पहाट नसताना झालेली जाग केवढी घातक असते!

शेवटच्या तीन दिवसांतले मरण याहून जिव्हारी लागते, कारण तेव्हा पिल्लू पूर्ण घडलेले असते, पिसांसकट, नखांसकट. कवचाच्या सहस्रावधी रंध्रांतून अठराव्या दिवसापर्यंत अंड्याच्या वजनाचा सुमारे आठवा हिस्सा पाणी होऊन उडून जावा लागतो, म्हणजे रुंद टोकाशी पहिल्या श्वासापुरती हवेची पोकळी तयार होते. उन्हाळ्याच्या कोरड्या झळांत पाणी अधिक जाते, आतला पापुद्रा चिवट होऊन पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो. श्रावणाच्या दमट हवेत ते पुरेसे जातच नाही, आणि फुप्फुसे उघडायच्या क्षणी पिल्लू त्या उरलेल्या पाण्यात गुदमरते. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांच्या कात्रीत सापडलेल्या या मुलखात ही दोन्ही मरणे मला परकी वाटत नाहीत.

मग कवचाला पहिला तडा जातो, आणि पाहणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. आदिपर्वातली विनता पाचशे वर्षे थांबली होती. सवत कद्रूची अंडी उमलली आणि आपली दोन उमलेनात, हे पाहून तिने एक अंडे फोडले, आणि त्यातून कमरेखाली अपुरा राहिलेला अरुण बाहेर आला; या उतावळेपणाबद्दल त्याने आईला शाप दिला. दुसऱ्या अंड्यासाठी तिला आणखी पाचशे वर्षे थांबावे लागले, तेव्हा गरुड जन्मला. ही कथा ज्याने रचली, त्याने खुराड्यापाशी बसून कोंबडी पाहिली असावी, अशी माझी समजूत आहे. तडा गेल्यावर पिल्लू बारा-अठरा तास निपचित भासते; त्या अवधीत पोटाबाहेरचा बलक बेंबीवाटे आत ओढला जातो, पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या सुकतात. करुणेने नख लावणारा हात तेव्हा रक्तस्राव घडवतो. त्या निश्चलतेत केवढे काम चाललेले असते!

तरीही एक अंडे मला निरुत्तर करते. कधी पिल्लाचे डोके निमुळत्या टोकाकडे वळलेले असते, जिथे हवेची पोकळी नाही. तडा तिथेच उमटतो. एखादे पिल्लू त्यातूनही सुटते, पुष्कळशी सुटत नाहीत. तिथे विनतेला मिळालेला शाप मला अडवतो, आणि थांबणे हीच क्रूरता तर नव्हे, ही शंकाही हटत नाही. अशा वेळी माझे नख त्या तड्यापर्यंत जाते, आणि पुढे काय करावे ते मला आजवर ठरवता आलेले नाही.