भिंती कोणी बांधाव्यात?

सेवा करताना आपण समोरच्याला काय देतो आणि त्याच्यासाठी काय शिल्लक ठेवतो?

अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेली ‘मारानाथा’ ही संस्था सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या मंडळ्यांना चर्च बांधायला मदत करते. तिचे स्वयंसेवक पदरमोड करून दूरदेशी जातात, विटा रचतात आणि परततात.

वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे माझ्या मनात आधी हिशेबच आला. विमानाच्या एका तिकिटाच्या पैशांत तिथल्या गवंड्याला कितीतरी दिवसांचे काम मिळाले असते. मग ही सेवा, की आपल्याच समाधानावर केलेला खर्च? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

त्याच संस्थेची ‘वन-डे चर्च’ नावाची योजना आहे. तिच्यात पोलादी सांगाडा आणि छप्पर एका दिवसात उभे केले जाते. भिंती मात्र तिथली मंडळी जवळ मिळेल त्या साहित्याने, आपल्या सवडीने बांधते.

मला ही योजना महत्त्वाची वाटते. सगळेच बांधून दिले, तर समोरच्याच्या वाट्याला फक्त उपकाराचे ओझे येते. स्वतः भिंत रचली, की तीच वास्तू त्याची होते. तिकिटाचा हिशेब याने पूर्ण सुटत नाही. पण मदत कुठे थांबावी, हे कळते.

म्हणून मदतीला निघताना आधी विचारावे : यांचे नेमके कुठे अडले आहे? तेवढे मनापासून करावे. पुढच्या भिंती त्यांच्या हातांसाठी सोडाव्यात. हात आवरणे हीसुद्धा सेवाच आहे.