रझाकने सोडलेला झेल

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. उत्तरेकडच्या उर्दूत एका 'हम'वर दोन्हींचे भागते. आमच्या दखनीत मात्र 'हमे' निराळे आणि 'अपन' निराळे. पलीकडच्या तेलुगूतही 'मेमू' आणि 'मनमू' असा भेद आहे. जळकोटच्या बाजारात या तिन्ही भाषा कानावर पडतात. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण, हे बोलता बोलता सांगून टाकण्याची सोय आमच्या मुलखात भरपूर आहे. व्याकरणाची ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात मुलांना शिकवली. तिचा अर्थ मात्र आम्हाला एका क्रिकेटच्या सामन्यात कळला.

१ मार्च २००३, शनिवार. दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून हॉटेलवाल्याने ट्रॅक्टरची बॅटरी आणून टीव्ही जोडलेला. हॉटेल म्हणजे आमच्याकडे चहा-भज्यांचे, हे वाचकांना सांगायला नको. बाकांवर जागा नव्हती, माणसे रस्त्यापर्यंत उभी. आमचा भाचा आमच्या मांडीला टेकून बसला होता, वय बारा. पाकिस्तानने सईद अन्वरच्या शतकावर २७३ केलेल्या. सचिनने शोएबला पॉइंटवरून षटकार मारला तेव्हा हॉटेलचा पत्रा उडतो की काय असा आवाज झाला. मग सचिन ३२ वर असताना वसीम अक्रमच्या चेंडूवर त्याचा झेल उडाला आणि मिड-ऑफला अब्दुल रझाकने तो सोडला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या शांततेत आमचा भाचा स्वच्छ आवाजात म्हणाला, "रझाकनं सोडला, नाहीतर वसीमनं काढला होता सचिनला."

वाक्य खरे होते. त्यात ना आनंद होता ना दुःख. समालोचकही तेच सांगत होता. पण आमचा हात आमच्या नकळत उठला आणि पोराच्या डोक्यात टपली बसली. समोरच्या बाकावर आमचे जुने स्नेही बसले होते. दरवर्षी ईदला शीरखुर्म्याची दुसरी वाटी हक्काने मागून घेणारे. ते हसत म्हणाले, "काय गुरुजी, तुम्ही कुणाकडून हाव मग?"

त्यांच्या मनात काही नव्हते, हे आम्ही आजही शपथेवर सांगू. थट्टा होती. पण आम्ही त्या थट्टेला उत्तर दिले ते हसून नव्हे. सचिन ९८ वर बाद झाला, द्रविड-युवराजने सामना काढला, आणि आम्ही उठून समोरच्या दुकानातून एक किलो पेढे आणले. भारत जिंकल्याचा आनंद आम्हाला खरोखरच झाला होता. पेढे मात्र आनंदाचे नव्हते, दंडाचे होते. घरी जाताना भाच्याला आम्ही जे सांगितले ते त्याहून वाईट होते : "घर में बोल बेटा, बाहर नको."

या वाक्याचा आम्ही पुढे बराच विचार केला. आपल्या दीनात गवाहीला फार मोठे स्थान आहे. ती स्वतःविरुद्ध किंवा आईबापांविरुद्ध जात असली तरी खरी द्यावी, अशी शिकवण आहे. इथे तर गवाही एका झेलाची होती. बारा वर्षांच्या मुलाने डोळ्यांनी पाहिले ते सांगितले, आणि शिक्षक असलेल्या मामूने त्याला सांगितले की सत्याला घराचा उंबरठा असतो. आम्ही भ्यालो म्हणून हे केले, असे म्हणावे तर कुणी धमकी दिली नव्हती. भीतीला निदान माफी असते. आम्ही केले ते मान राखण्यासाठी.

बरे, त्याच हॉटेलमागच्या मैदानावर गावातली सगळी पोरे, म्हणजे पाटलांची, लिंगायतांची, मातंग वस्तीतली, आमची, वसीमसारखी डाव्या हाताने आणि शोएबसारखी लांबून धावत येऊन गोलंदाजी करायची. त्यांतल्या इतरांना कुणी विचारले नाही की बाळ, तू कुणाकडून. १९९९च्या जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानने १२ धावांनी कसोटी जिंकली, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्या संघाला टाळ्या दिल्या. त्याची वाहवा झाली आणि ती रास्तच होती. प्रतिपक्षाच्या गुणाला दाद देणे हे मोठ्या मनाचे लक्षण. पण हे मोठे मन दाखवण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते. ज्याचे 'आपण' गृहीत धरलेले आहे त्याला ते फुकट मिळते, आणि ज्याचे तपासले जाते त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

इथे आमच्या बाजूचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वस्तीत पाकिस्तान जिंकल्यावर खूश होणारे कधी कुणीच नव्हते, असे आम्ही म्हटले तर तो पेढ्यांचाच दुसरा प्रकार होईल. होते, थोडे. कुणी नुसते डिवचायला, कुणी ९२-९३च्या जखमेतून, कुणी खरोखरच वेडगळ समजुतीतून की कौम एक म्हणजे संघ एक. त्यांच्याशी आम्ही भांडलो, आणि आजही आमचे मत तेच आहे की कलमा एक असल्याने वतन एक होत नाही. पण त्या दोन-चार जणांचा हिशेब त्या बारा वर्षांच्या पोराकडून का मागायचा, याचे उत्तर आम्हाला सापडलेले नाही.

दुसरा शब्द 'तुमचा'. "तुमच्या झहीरनं आज कमाल केली की ओ!" हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले, आणि प्रत्येक वेळी ते प्रेमाने म्हटलेले होते. झहीर खान श्रीरामपूरचा, मराठी बोलणारा. २०११चा विश्वचषक भारताने जिंकला त्यात त्याचे २१ बळी, स्पर्धेत सर्वांत जास्त, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने. श्रीरामपूरशी आमचे ना नाते ना सोयरीक. जळकोटहून ते दूरचे, साखर कारखान्यांच्या सुपीक मुलखातले गाव. तो जितका पाटलांचा तितकाच आमचा. पण 'तुमचा' म्हणून तो आमच्या ओटीत घातला जायचा, आणि आम्ही, खोटे कशाला बोला, खूश होऊन ओटी पसरायचो. बिनश्रमाचा अभिमान कुणाला नको असतो?

त्या अभिमानाची दुसरी बाजू आम्ही अझहरुद्दीनच्या वेळी पाहिली होती. हैदराबाद म्हणजे आमच्या वडिलांची राजधानी. १९४८पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात, आणि दवाखान्याला, लग्नाच्या कपड्याला आमची माणसे अजूनही तिकडेच जातात. अझहरने १९८४-८५ साली इंग्लंडविरुद्ध पहिल्या तीन कसोटींत तीन शतके ठोकली आणि घराघरांत त्याचे फोटो लागले. पुढे २००० साली सामनेनिश्चितीचे प्रकरण निघाले. अल्पसंख्याक असल्यामुळे आपल्याला लक्ष्य केले जात आहे, असे तो तेव्हा म्हणाला. क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आजीव बंदी घातली. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, पण त्या बारा वर्षांत हॉटेलातल्या बाकांवर निकाल लागून गेला होता : "तुमच्या अझहरनं काय केलं बघा." आम्ही म्हणायचो, आमचा काय संबंध? म्हणणे बरोबर होते. फक्त शतकांच्या वेळी आम्ही ते म्हटले नव्हते. दुसऱ्याच्या बॅटीची धाव आमच्या खात्यावर चढत असेल, तर त्याचा गुन्हा चढत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? न्यायाने पाहिले तर दोन्ही चढत नाहीत. पण पहिले सोडायला आम्ही तयार नव्हतो, हे कबूल करायला हवे.

कुस्तीत मात्र असे का होत नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटत आले. उरूस असो की जत्रा, शेवटच्या दिवशी फड भरतो. आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, त्यांचा किताब रुस्तुम-ए-हिंद. शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे उस्तादच. तांबड्या मातीत फारसी किती मुरली आहे याचे भान कुणाला नसते, आणि नसते हेच चांगले. २०१८ साली जालन्याला बाला रफिक शेखने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पुढे २०२३च्या जानेवारीत पुण्यातल्या लढतीत मोहोळच्या सिकंदर शेखविरुद्ध दिलेल्या गुणांवरून वाद झाला, तेव्हा गावोगावचे लोक महिनाभर हळहळत होते की आपल्या सिकंदरवर अन्याय झाला. 'आपल्या'. कुस्तीशौकीन जात विचारत नाहीत असे नाही, चांगली विचारतात. पण मल्लाची पहिली ओळख गाव आणि तालीम. शिवाय महाराष्ट्र केसरीत समोर पाकिस्तान नसतो. आम्हाला वाटते, भानगड माणसांच्या मनापेक्षा त्या आखाड्याच्या मांडणीत अधिक आहे.

आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असे समजण्याचेही कारण नाही. पळवणकर बाळू हा शंभर वर्षांपूर्वीचा थोर फिरकी गोलंदाज. चांभार समाजातला. पुण्यात हिंदूंच्या संघाला त्याचा चेंडू चालत होता, पण चहाच्या वेळी त्याला चहा मिळायचा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जिंकताना 'आपण' आणि चहा पिताना 'तो'. विजय हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ होते आणि हजाऱ्यांसारख्यांना जागा 'इतर' नावाच्या संघात. त्या 'इतरां'कडून त्यांनी हिंदू संघाविरुद्ध ३८७पैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. हे सामने १९४६मध्ये बंद झाले. संघ गेले, बाकांवर त्यांची बैठक तेवढी राहिली.

सातासमुद्रापारही हीच मोजमापे. १९९० साली नॉर्मन टेबिट या ब्रिटिश राजकारण्याने आशियाई स्थलांतरितांसाठी क्रिकेटची कसोटी सुचवली : ते कुणासाठी टाळ्या वाजवतात ते पाहा. गंमत म्हणजे त्याच वर्षी शेजारच्या आयर्लंडचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. त्याचा प्रशिक्षक जॅक चार्लटन अस्सल इंग्रज, आणि कितीतरी खेळाडू इंग्लंडात जन्मलेले, कुणाची आजी आयरिश म्हणून संघात आलेले. ज्या इंग्रजांशी आयर्लंडचे शतकांचे वैर, त्यांच्यातला एक माणूस त्यांनी इतका आपला केला की पुढे त्याला मानद नागरिकत्व दिले. उलट डब्लिनमध्ये जन्मलेला ऑइन मॉर्गन इंग्लंडचा कर्णधार झाला आणि त्याने २०१९चा विश्वचषक जिंकला. सामन्यानंतर कुणीतरी विचारले, आयरिश नशीब कामी आले का? तो म्हणाला, अल्लाहही आमच्या बरोबर होता, आदिल रशीदने तसे सांगितले आहे. आम्ही हे वाचले तेव्हा मोठ्याने हसलो. मॉर्गनला ते म्हणता आले. रशीद स्वतः म्हणाला असता तर हसणारे किती निघाले असते, ही शंका मागाहून आली.

मोहम्मद शमीने तर दोन्हीकडची तपासणी सोसली. २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले होते, शिव्या शमीच्या धर्माला पडल्या. विराट कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, हे त्याचे मोठेपण. मग मार्च २०२५मध्ये, दुबईतच, रमजानच्या दिवसांत सामना चालू असताना शमी काहीतरी प्याला, आणि एका मौलवींनी त्याला गुन्हेगार ठरवले. प्रवासात रोजाची सवलत आहे हे मदरशातले पोरही सांगेल. एकीकडून 'तू आपल्यातला नाहीस', दुसरीकडूनही तेच. आणि आम्हीही त्याला मोकळे सोडले नाही. हैदराबादच्या सिराजचे वडील गेले तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता. २०२१च्या जानेवारीत सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. आम्ही तो व्हिडिओ दहा जणांना पाठवला. नंतर लाज वाटली. मुलगा बापासाठी रडत असेल, देशासाठी रडत असेल, दोन्हींसाठी असेल. आम्ही त्या आसवांची पावती केली आणि गावभर दाखवली. त्याला 'तुमचा' म्हणणाऱ्यांत आणि आमच्यात मग फरक काय राहिला?

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबिजेचा दिवस. तेच हॉटेल, आता भिंतीवर मोठा टीव्ही. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना. भाचा आता बत्तीस वर्षांचा. त्याची आठ वर्षांची मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. तिला केन विल्यमसन आवडतो, का ते कुणालाच माहीत नाही. जुने स्नेहीही होते, काठी टेकून आलेले. विल्यमसन ५२ वर असताना बुमराहच्या चेंडूवर झेल उडाला आणि तो सोडला शमीने. हॉटेलात शांतता पसरली. आमचा घसा कोरडा पडला, डोळे आपोआप चारी बाकांवर फिरले. त्या शांततेत पोरीने टाळ्या वाजवल्या.

भाच्याचा हात उठला. अर्ध्यावर थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले आणि तोच हात खाली नेऊन चहाचा ग्लास उचलला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले, "असला झेल सोडतेत व्हय!" बस, तेवढेच. पुढे शमीने त्याच विल्यमसनला ६९ वर झेलबाद केले, आणि ५७ धावांत सात बळी घेतले. स्नेही काठीने पोरीला हळूच टोचत म्हणाले, "बघ, आपल्या शमीनं काढलं का न्हाई तुझ्या केनला?"

पोरगी रुसली. भजी पुढे केली तर ताटली ढकलून दिली. समोर न्यूझीलंड होते, हे आम्हाला कळत होते. तरी आम्ही आणखी एक चहा सांगितला.