उष्णता अडवा, वीज जाऊ द्या

पेट्रोलच्या गाडीत जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा चाकांपर्यंत पोचतच नाही. रेडिएटर आणि सायलेन्सरमधून ती उष्णता होऊन निघून जाते. पेट्रोल महागलं की आपण हळहळतो, पण या गळतीबद्दल चकार शब्द काढत नाही.

दोन वेगळ्या धातूंचा एक सांधा तापवला की शेजारची चुंबकसुई हलते, हे टॉमस सीबेक यांनी १८२१ सालीच पाहिलं होतं. सुई हलते ती वाहू लागलेल्या विजेमुळे; उष्णतेतून थेट वीज मिळते ती अशी. गाडीतली वाया जाणारी उष्णता अशी वापरायची, तर घोडं अडलंय ते पदार्थापाशी. त्याची एक बाजू तापलेली आणि दुसरी थंड राहिली तरच वीज मिळत राहते. म्हणजे त्यातून वीज सहज वाहायला हवी, उष्णता मात्र नको. धातूंत दोन्ही वाहून नेतात ते प्रामुख्याने इलेक्ट्रॉनच, त्यामुळे एकीला वाट दिली की दुसरी मागोमाग येतेच. बिस्मथ टेल्युराइड हा पेच बऱ्यापैकी सोडवतं, पण टेल्युरियम दुर्मिळ आहे आणि फार धग त्याला सोसत नाही. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या जातीची सिरॅमिक्स धग सोसतात, पण ७०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय नीट कामाला लागत नाहीत.

मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली लँथॅनमयुक्त स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये ग्राफीन मिसळलं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. उष्णता वाहण्यात त्याच्या तोडीचे पदार्थ विरळाच. तेव्हा ते इथे घालणं वरवर उफराटंच वाटतं. पण वजनाने अवघं ०.६ टक्के ग्राफीन घालून, आर्गॉन-हायड्रोजनच्या वातावरणात भाजलेल्या तुकड्याची वीजवाहकता बरीच वाढली आणि उष्णतावाहकता चक्क घटली!

मर्म आहे कणांच्या सीमांमध्ये. या तुकड्यातले कण नॅनोमीटरच्या मापाचे, म्हणून सीमा अगणित. सिरॅमिकमधून उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनांनी पुढे सरकते आणि ही कंपनं प्रत्येक सीमेवर विखुरतात. इलेक्ट्रॉनही तिथे अडखळतात, पण त्यांना ग्राफीन वाट करून देतं. एखादा पदार्थ स्वतः कसा आहे याहून तो कुठे आणि किती घातला आहे, याला इथे जास्त किंमत आहे. मला या संशोधनातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

अशा पदार्थांची गुणवत्ता ‘झेडटी’ या आकड्याने मोजतात. बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी १ च्या आसपास असतो. या तुकड्याचा खोलीच्या तापमानाला ०.४२ भरला. कमीच आहे तो. पण ७५० अंशांनाही तो ०.३६ राहिला, आणि नुकत्याच सुरू झालेल्या गाडीच्या गार सायलेन्सरपासून चढावर तापून निघालेल्या सायलेन्सरपर्यंत एकच तुकडा कामी यायचा, तर हवा तो असाच टिकाऊपणा.