गुप्ततेची शपथ

बँकेत चिकटलो त्या दिवशी मी गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. खातेदाराची शिल्लक प्रत्यक्ष परमेश्वरानं विचारली तरी सांगायची नाही! परमेश्वरानं अजून विचारलेली नाही. आमची ही मात्र अधूनमधून विचारते. "समोरच्या भाऊंचे किती आहेत हो?" मी गप्प बसतो. त्या वेळी आपण संरक्षण खात्यात असल्यासारखं वाटतं.

अमेरिकेत लष्करासाठी गुप्त विमानं वगैरे बनवताना खरोखरच अशी माणसं नेमतात. हुद्दा 'सुरक्षा विश्लेषक', काम आमच्यासारखंच. कुठला कागद कुणाला दाखवायचा, कुठल्या कपाटात ठेवायचा, आत कोण आलं, याच्या नोंदी ठेवायच्या. नियम एकच : ज्याला कामापुरतं कळायला हवं, त्याला कामापुरतंच सांगायचं.

रडारला सहसा न सापडणारं एफ-११७ विमान १९८१ साली नेवाडाच्या वाळवंटात प्रथम उडालं. सरकारनं ते जाहीर केलं १९८८ साली! मधल्या काळात वैमानिक सोमवारी घर सोडत, शुक्रवारी परतत. कुठं जातो, ते बायकोला सांगायची बंदी. आमच्याकडे अर्धा तास उशीर झाला तरी पंचनामा होतो. १९८६ साली तर अशा विमानाचं खेळणं दुकानात आलं. पोरं विमान जोडतायत नि सरकार म्हणतंय, कुठलं विमान? अर्थात खेळण्याचा आकार साफ चुकला होता. गुपित टिकलं.

पण त्याच गुप्ततेत नौदलाचं ए-१२ही होतं. त्याचं वजन वाढलं, खर्च वाढला, वेळापत्रक कोलमडलं. आणि वाईट बातमी ज्यांना कळायला हवी, त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोचेना. एप्रिल १९९० मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी तिथल्या संसदेत या कामाची भलावण केली; जानेवारी १९९१ मध्ये त्यांनीच ते रद्द केलं. एकही विमान उडालं नव्हतं.

दोन्ही फायलींवर शिक्का 'गुप्त'च. मग फरक कसला? आम्हां कॉमर्सवाल्यांना तो चटकन कळतो. चोरापासून लपवणं वेगळं, ऑडिटरपासून लपवणं वेगळं. शिक्का मारणाऱ्यानं मारण्याआधी एवढंच विचारावं : हे मी नेमकं कुणापासून लपवतोय?

हा विचार मी हिला मोठ्या ऐटीत ऐकवला. तिनं शांतपणे विचारलं, "मग कपाटाच्या तिसऱ्या खणातला तो कागद कसला?"

माझा घसा कोरडा पडला. एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्यानं हप्ते थकवले होते. आठ महिने मी ही गोष्ट घरात काढली नव्हती.

"ते... कर्जदाराची माहिती... शपथ..."

"जामीन तुम्ही. हप्ते जाणार आपल्या घरातून. पोराच्या कॉलेजचे पैसे त्यातच आहेत. मला कामापुरतंसुद्धा कळायला नको?"

लॉकरला दोन किल्ल्या लागतात, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावत आलोय. त्या रात्री कागद घेऊन आम्ही दोघं हिशेबाला बसलो.

भाऊंची शिल्लक मात्र मी अजूनही सांगितलेली नाही.