बाभळीतली दोरी

उभे राहा चौघेही. खाली काय बघता? माझ्याकडे बघा.

महिनाभर माझ्या मागे कोण लागलं होतं? "सर, कधीही हाक मारा, गळ घेऊन हजर होतो." काल पहाटे साडेचारला हाक मारली. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, असा दिवस काही पंचांगात लिहून येत नाही. तर एकाचा गळ गंजलेला, दुसऱ्याच्या तंगुसाचा चिमणीच्या घरट्यासारखा गुंता, तिसरा साडेपाचला कुदळ घेऊन परसात गांडुळं उकरतोय आणि चौथ्याच्या सायकलीत हवाच नाही. वर्ध्याहून पवनार ते किती दूर रे? पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन चढलं की मासा तळ गाठतो. तुमची हजेरी घ्यायला तो काठाशी बसून राहत नाही. चौघांत पाण्याची बाटली एक, आणि डोक्याला दुपट्टा एकाच्याही नाही!

उशीर झाला की माणूस घाई करतो, आणि घाईत अक्कल गहाण पडते. दिसला घाट की टाक गळ! समोर विनोबांचा आश्रम आहे, तिथं मासे मारायला बसू नये, एवढंही मी सांगायचं? तिथून उठवलं तर एक शहाणा म्हणतो, "सर, मग बोर धरणावर जाऊ." अरे, 2014 पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं गळ टाकणं हा गुन्हा. आणि बाकीच्या तलावांत मत्स्य सहकारी संस्थांनी पदरच्या पैशानं बीज सोडलेलं असतं. त्यांच्या माणसाला विचारून ठेवायला महिना होता. विचारलंत?

त्यावर कळस म्हणजे ढिवरांचा बांधलेला डोंगा सोडायला निघालात. पोहता येतं का एकाला तरी? सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंजला, आपल्याच वर्धा नदीत, नाव उलटून 11 जण गेले. महाकाळीच्या धरणातून पाणी सोडलं की धामही चढते. निघण्याआधी एक फोन करून विचारायला काय दातखीळ बसली होती?

आणि तू, विलायती काठीवाल्या! फ्लाय फिशिंग करायचं म्हणे. करा, मला आनंदच आहे. पण त्या खेळाचं मर्म माहीत आहे? आपल्या गळाला शिशाचा गोळा ओढून नेतो. तिथं माशी म्हणजे गळावर बांधलेली दोन पिसं, तिला वजनच नाही. जड असते ती दोरी, आणि दोरीच तिला घेऊन जाते. म्हणून आधी दोरी मागे पूर्ण उलगडावी लागते, पाठीमागे मोकळी जागा लागते. तू उभा राहिलास बाभळीला पाठ करून! तिकडचे लोक हिवाळाभर रात्री जागून कोंबड्याच्या मानेची पिसं रेशमी धाग्यानं बांधतात, म्हणून बर्फ वितळताच उठून चालू पडतात. तू खोकं फोडलंस कुठे, तर नदीकाठी.

बरं, धामेत ट्राउट नाही. तुझ्या माशीला आली तर मरळ येईल, कारण ती हवा घ्यायला वर येते. पण पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला, तर तिथं माशी टाकायची नाही. खाली आईबाप राखणीला असतात. ते उचललेस की पोरं इतर माशांच्या पोटात गेलीच म्हणून समज.

पुढची हाक कधी, ते सांगणार नाही. गळ घासून तेल लावलेला, तंगूस रिळावर, पिशवी खुंटीला आणि घरी सांगून ठेवलेलं. पंधरा मिनिटांत फाटकाशी जो नसेल, त्यानं खुशाल झोपावं.

बसू नका, संपलं नाही. बाभळीत अडकलेली दोरी अजून तिथेच लोंबते आहे. बगळ्याचा पाय गुंतला तर तो सुटत नाही. उद्या शाळेआधी चौघांनी जाऊन ती काढायची आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायची.