फुकट सुटका

चारकोपात गोल्फ खेळत नाहीत. कुणी मनावर घेतलंच, तर पहिल्याच फटक्याला चेंडू भाजीवाल्याच्या टोपलीत, नाहीतर समोरच्या गॅलरीत उन्हाला ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत जायचा. गोल्फ खेळायचा तर चेंबूरला 1927 पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. पण तिथं शिरायला गेल्या जन्मीचं पुण्य आणि या जन्मीचा पैसा, दोन्ही लागतात. पुण्याचा हिशेब माझ्याकडे नाही, पैशाचा आहे. तेव्हा मी गोल्फ खेळत नाही, गोल्फचे नियम वाचतो. मधुमेही माणूस मिठाईच्या दुकानाची पाटी वाचतो, तसंच हे.

त्यातला सोळावा नियम मला फार आवडतो. मैदानावर माणसानं बांधून ठेवलेली एखादी वस्तू, म्हणजे डांबरी वाट, पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड, एखादी खोली, तुमच्या उभं राहण्याच्या किंवा काठी फिरवण्याच्या आड आली, तर चेंडू उचलायचा आणि बाजूला टाकून खेळायचा. दंड नाही. फुकट सुटका! आणि झाड आड आलं तर? ते तुमचं नशीब. झाड देवानं लावलं, डांबर कमिटीनं ओतलं. देवाकडे दाद मागता येत नाही, कमिटीकडे येते.

ही समज फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या लीथच्या मंडळींनी 1744 साली गोल्फचे 13 नियम लिहून काढले. त्यातला शेवटचा नियम असा की, मैदानाच्या राखणीसाठी खणलेल्या चरात चेंडू गेला तर तो बाहेर काढून खेळावा. चर खणला कमिटीनं, मग शिक्षा खेळणाऱ्याला का? आपल्याकडे रस्त्यातला चर कुणी खणला, हे तो बुजेपर्यंत कळत नाही. बुजल्यावर दुसरा कुणीतरी तिथंच खणतो, त्यामुळे पहिल्याचं नाव कायमचं गुप्त राहतं.

पण थांबा. 'फुकट' हा शब्द ऐकून पिशवी घेऊन धावू नका. या फुकटाला अटी आहेत. सुटकेची जागा सगळ्यांत जवळची हवी, सगळ्यांत सोयीची नव्हे. तिथून एका काठीच्या अंतरात चेंडू टाकायचा, आणि टाकताना होलच्या, म्हणजे त्या झेंडा लावलेल्या भोकाच्या, जवळ सरकायचं नाही. ती जवळची जागा काटेरी झुडपात निघाली, तर काटे तुमचे. नको असेल तर चेंडू आहे तिथूनच खेळा. शिवाय अडथळा नुसता तुमच्या आणि होलच्या मध्ये उभा असेल, तर सहसा सुटका नाहीच. उभं राहायला आणि हात फिरवायला जागा मिळेल. पुढची वाट मोकळी करून मिळणार नाही.

इथं आपलं आणि गोल्फचं पटत नाही. आपल्याला सवलत मिळाली की वाटतं, त्याबरोबर दोन पावलं पुढंही सरकायला मिळावं. चारकोपच्या वसाहती 1980 नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं आखल्या गेल्या. छोटी छोटी घरं आणि मध्ये सगळ्यांचा मिळून एक चौक. चौक सगळ्यांचा असल्यामुळे त्यातला अडथळाही सगळ्यांचा. आमच्या चौकात पाण्याचा पंप बसला तो नेमका एका काकांच्या स्कूटरच्या जागी. काकांनी फाटकाजवळची, गुलमोहराच्या सावलीतली जागा मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तसा नियम नाही." मी मनातल्या मनात सोळावा नियम लावून पाहिला. काकांना जागा मिळायला हवी, हे खरं. पंप त्यांनी बसवला नव्हता. पण सगळ्यांत जवळची जागा कचऱ्याच्या डब्याशेजारी होती. हे मी काकांना सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त गणपतीत बोलतात.

खरा पेच मात्र पुढच्या सभेत पडला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा मागितला. त्यांचे गुडघे आता एका कठड्यावर भागत नाहीत. एक सभासद म्हणाले, "गुडघे दुखणं हा निसर्ग आहे. त्याला सोसायटी काय करणार?" पाहिलंत? हा झाडाचा युक्तिवाद! आणि तो वरवर बिनतोडही आहे.

पण गुडघा देवानं दिला असला, तरी जिना देवानं बांधलेला नाही. पहिली पायरी वीतभर जास्त उंच ठेवणारा गवंडी होता, देव नव्हता. आयुष्यातले बहुतेक अडथळे असेच, निम्मे झाड आणि निम्मं डांबर. आपण मात्र दुसऱ्याच्या अडचणीतलं झाड तेवढं बघतो आणि स्वतःच्या अडचणीतलं डांबर.

आणि देवाच्या वस्तूही काही वेळा हलतात. 1999 साली फीनिक्सच्या स्पर्धेत टायगर वुड्सच्या चेंडूपुढे भला मोठा धोंडा होता. पंचांनी ठरवलं की तो जमिनीत घट्ट रुतलेला नाही, हलवायला हरकत नाही. डझनभर प्रेक्षकांनी मिळून तो ढकलला. वुड्सला एकट्याला तो हलला नसता. पुढे 2023 च्या नियमपुस्तकात अपंग खेळाडूंच्या सोयीसुद्धा मुख्य नियमांत आल्या, पंचविसाव्या क्रमांकावर. त्यांच्यासाठी होल कुणी जवळ आणलेलं नाही. खेळायचं कसं, एवढंच सोपं केलं.

आजींचं मागणं तेवढंच होतं. पायऱ्या कमी करा असं त्या म्हणाल्या नाहीत, तळमजल्यावरची खोलीही मागितली नाही. सगळ्या पायऱ्या त्या स्वतःच चढणार होत्या. धरायला काहीतरी हवं होतं, इतकंच.

कठडा बसला का, असं विचाराल, तर तो विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर सातवा आहे. आमची सभा पाचव्या विषयाला चहा आला की संपते. या वेळी चहा जरा उशिरा आणायला सांगितला आहे.